नांगिलाचा अंगठा

नांगिला रस्त्यानं निघाली की कुंपणापलीकडच्या कोंबड्या पंख आवळून बसायच्या, असं च्वेलेकडच्या त्या टेकडीवर कुणीही सांगेल. तिचा हातच तसा होता. गरम पाण्यातून कोंबडी काढली, मांडीवर आडवी टाकली, की शेजारणीचं अर्धं गाऱ्हाणं ऐकून होईपर्यंत ती कोंबडी न्हायलेल्या बाळासारखी गुळगुळीत. कातडीला ओरखडा नाही, पंखाच्या टोकाला एक खुंट नाही. लोक तर म्हणायचे, एकदा चुकून जिवंत कोंबडी तिच्या मांडीवर आली, आणि आपण उघड्या झालोय हे तिला संध्याकाळी गार वारा सुटला तेव्हा कळलं.

अशा बाईला ढोलाचा राग येणारच. ढोल म्हणजे बाजारातलं ते यंत्र. निळं प्लास्टिकचं पिंप, आतून रबरी बोटं लावलेली, खाली मोटर. कोंबडी आत टाकायची, बटण दाबायचं, खडखड आवाज झाला की उघडी कोंबडी बाहेर. सितुमा नावाच्या पोरानं ते बाजारात आणल्यापासून बायका पिसं काढणंच विसरत चालल्या होत्या. नांगिलाला हे बघवेना. तिनं सांगायला सुरुवात केली की ढोलात गरगर फिरलेल्या कोंबडीचं मांसही गरगरतं. कुठलासा पाद्री ती कोंबडी खाऊन प्रवचनाला उभा राहिला आणि बोलता बोलता जागच्या जागी फिरायला लागला, शेवटचं वाक्य तर त्यानं भिंतीकडं तोंड करून म्हटलं. गोष्ट छान होती. नदीपलीकडून परत आली तेव्हा तिच्यात दोन पाद्री आणि एक बिशप होता.

आणि मग नांगिलाच्या पोरीनं, नालियाकानं, नेमका तो सितुमाच पसंत केला.

आता सितुमाकडची मंडळी दुपारी लग्नाचा शब्द द्यायला येणार होती. शब्द देणार होते ते सितुमाचे थोरले आजोबा, मुयोका. वाळक्या लाकडासारखा माणूस, तोंडात मोजके दात, पण तोंडाचा दरारा सगळ्या कुळावर. नातवाच्या धंद्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता. त्यांनी आधीच निरोप पाठवला होता, "पोरगा यंत्रवाला निघाला, ते मी गिळलं. पण सून हाताची पाहिजे. तिच्या आईच्या घरी हातानं पिसं काढलेला घरचा कोंबडा माझ्यापुढं आला, तर त्याचा पेटा गिळून मी शब्द देईन. ढोलातला आला, तर काठी उचलीन आणि चालू लागेन."

पेटा म्हणजे कोंबड्याच्या पोटातली, खडे दळणारी ती गच्च गाठ. तिथल्या रीतीनं तो घरातल्या किंवा पाहुण्यातल्या थोरल्या पुरुषाचा मान. त्यानं तो गिळल्याशिवाय ताटाला कुणी हात लावत नाही, आणि बाई तर पेट्याची चव न घेताच मरते.

सकाळी नांगिलाच्या नवऱ्यानं, खाओयानं, लाल कोंबड्याच्या मानेवर सुरी फिरवली आणि तो भावांना बोलवायला निघून गेला. चुलीवर पाणी तापलं होतं. नांगिलानं कोंबडा बुचकळला, मांडीवर घेतला, पहिलं पीस धरलं. ते सुटून गेलं. पुन्हा धरलं. पुन्हा सुटलं.

उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं. काही दिवस ती ते पदराखाली लपवून होती. लिंबू बांधलं, गरम राख लावली, कुणाला बोलली नाही. आता अंगठा रताळ्यासारखा सुजला होता आणि पिसाला नुसता टेकवला तरी डोळ्यांपुढं काजवे चमकत होते.

नालियाका दारात उभी होती. "आई, मी काढू?"

"ज्या कोंबड्यावर तुझा शब्द ठरायचा, त्याला तू हात लावतेस? उद्या लोक म्हणतील, पोरगी स्वतःच स्वतःला वाढून मोकळी झाली. जा, केस विंचर."

"मग नेकोये आत्याला बोलावू?"

नेकोये म्हणजे खाओयाची थोरली बहीण. मनानं चांगली होती, पण तिला काही सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला दोर बांधून देणं.

"तिला उशिरा बोलावलंय. तू आत जा म्हटलं ना."

नांगिला उठली, बसली, पुन्हा उठली. डाव्या हातानं बघितलं, दातानं धरून बघितलं. चुलीपासून दारापर्यंत गेली, दारापासून चुलीपर्यंत आली. कोंबडा गार होत होता. गार झाला की पिसं कातडीला घट्ट धरतात, मग ती हत्तीलाही निघत नाहीत. सूर्य झाडावर आला होता. मग तिच्या मनात एक विचार आला आणि तो इतका वाईट होता की तिनं आधी आजूबाजूला पाहिलं. आज सितुमा काही ढोलापाशी नसणार. नवरदेव आहे, घरी बूट पुसत बसला असेल. ढोलावर दुसरा कुणीतरी असेल. आपल्याला कोण ओळखतंय?

तिनं कोंबडा टोपलीत घातला, वर पालेभाजीची जुडी टाकली, डोक्यावरून चादर ओढून घेतली आणि मागच्या केळीतून निघाली. ओळखीचं कुणी दिसलं की ती वाकून पायातला काटा काढायची. बाजारापर्यंत पोचेस्तोवर तिच्या पायातून एका बाभळीइतके काटे निघाले असतील.

ढोल पिठाच्या गिरणीशेजारी पत्र्याच्या खोपटात होता. ती मागून आली, पत्र्याच्या फटीतून डोकावली आणि तिथंच गारठली. आत नवा पांढरा सदरा घालून, बाह्या वर सारून, शीळ घालत, सितुमा स्वतः उभा होता. त्यालाही घरात चैन पडत नव्हतं.

आता तिथल्या रीतीनं सासू आणि जावई एकमेकांच्या तोंडापुढं येत नाहीत. वाट एकच असली तर एकानं मक्यात शिरायचं. बोलण्याची वेळ आलीच तर पाठ करून, भिंतीशी, कुत्र्याशी, जे काही जवळ असेल त्याच्याशी बोलायचं आणि ज्याच्यासाठी बोलणं आहे त्यानं ते ऐकून घ्यायचं. नांगिलानं पत्र्याला पाठ लावली. पळून जावं असं वाटलं. टोपलीत हात घातला. कोंबडा अजून कोमट होता, पण जेमतेम. तिनं टोपली पायानं ढकलत कोपऱ्यापलीकडं सारली.

"कोंबड्या," ती खरखरीत आवाज काढून म्हणाली, "किती लांब आलो बघ आपण. इथं तुला कुणी ओळखत नाही, मलाही नाही. तू आपला एका परगावच्या म्हातारीचा कोंबडा. आणि त्या म्हातारीला घाई आहे."

आतली शीळ थांबली. मग सितुमा बोलला, तोही पाठ करून.

"ढोला, ऐकलंस का? परगावची म्हातारी आहे. आवाज तेवढा आपल्या टेकडीवरचा वाटतो. वाऱ्यानं आला असेल."

"कोंबड्या, त्या ढोलाला सांग, तोंड कमी चालव, बोटं जास्त."

"ढोला, रागावू नकोस. तुला सवय आहे. तुझी कोंबडी खाऊन म्हणे एक बिशप देवळात गरगर फिरला. कुणी उठवलं असेल रे हे?"

पत्र्यापलीकडं नांगिलाच्या कानांना आग लागली.

"कोंबड्या, बिशप नव्हता तो. पाद्री होता. म्हातारीनं नुसतं पाद्री सांगितलं होतं, पुढचं लोकांनी लावलं."

आत खुदकन हसल्यासारखं झालं. मग पाण्याचा आवाज. सितुमानं कोंबडा पुन्हा बुचकळला. पाणी उकळतं नको, कातडी शिजते, असं तो ढोलाला समजावून सांगत होता, आणि नांगिलाला ते पटलं हे तिला मुळीच आवडलं नाही. बटण दाबलं. पिंपानं घरघर सुरू केली, मग खडखड, आणि पिसं अशी उडाली की गिरणीच्या दारातली माणसं पिठाचं पोतं फुटलं म्हणून धावली.

तेवढ्यात वीज गेली. ढोल गचकन थांबला. आतून टक् असा एक बारीक आवाज आला, त्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

"ढोला," सितुमा हळू म्हणाला, "आजच मरायचं होतं का तुला?"

नांगिलानं फटीतून पाहिलं. कोंबडा अर्धाच झाला होता. छाती, मांड्या उघड्या आणि पंख, शेपूट जशीच्या तशी. अंगात कोट आणि खाली काहीच नाही अशा साहेबासारखा तो सितुमाच्या हातात लोंबत होता.

"काल गेलेली वीज दिवे लागताना आली," सितुमा ढोलाला सांगत होता. त्याचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "आणि आज दुपारी माझे आजोबा एका घरी जेवायला बसणार आहेत. ढोला, हा कोंबडा ज्या म्हातारीचा आहे, तिच्याकडंही कुणी बसणार असेल."

नांगिला पत्र्याच्या त्या बाजूला येरझारा घालत होती. अंगठा ठणकत होता. शेवटी ती थांबली.

"कोंबड्या, त्याला म्हणावं खाली बस. मांडीवर घे. पंखातली मोठी पिसं आधी. एकेक. ज्या दिशेला उगवलीत त्याच दिशेला ओढ, उलटी ओढलीस तर खुंट आत राहील."

आत कुणीतरी खाली बसल्याचा आवाज आला.

"मुठीनं नको. कोंबड्या, त्याला सांग, गवत नाही उपटायचंय. डाव्या अंगठ्यानं कातडी ताणून धर आणि उजव्या हातानं झटका दे. छोटा. शेपटीचं पीस फिरवून काढ, बाटलीचं बूच काढतात तसं."

"ढोला," थोड्या वेळानं सितुमा म्हणाला, "अंगठा मोडून आला रे माझा."

"कोंबड्या, अंगठा दुखणं म्हणजे काय ते म्हातारीला शिकवू नको म्हणावं."

मग पीस निघाल्याचा आवाज आला, मग आणखी एक, मग एका लयीत. म्हातारी इथवर का आली ते त्याला आता कळलं होतं. शेवटी त्यानं कागदाचा जाळ करून त्यावर कोंबड्याची बारीक लव जाळली, तो टोपलीत ठेवला, वर पालेभाजीची जुडी नीट रचली आणि टोपली पायानं कोपऱ्याबाहेर सारली. नव्या सदऱ्यावर इतकी पिसं चिकटली होती की हात पसरले असते तर तोच उडाला असता.

"ढोला," तो म्हणाला, "आज आपण दोघांनी कुठंच काही पाहिलं नाही."

नांगिला घरी पोचली तर नेकोये कमरेला कापड बांधून उभी.

"वहिनी, कोंबड्याला फिरवायला नेलं होतंत की काय?"

"ओढ्यावर बसले होते. पिसं वाहून जातात, अंगणात घाण नाही."

नेकोयेनं कोंबडा उलटा केला, सुलटा केला, पंखाखाली बोट फिरवलं. "काय बाई हात आहे. लोक उगाच त्या पिंपापुढं रांगा लावतात." आणि ती विळा घेऊन बसली. नेकोये तोडायला बसली की हात आणि जीभ एकमेकांशी शर्यत लावायच्या. कुणाची गाय, कुणाची सून, कुणाचं काय, आणि तुकडे धडाधड पातेल्यात. मांस मऊ व्हायला राखेचं पाणी पडलं, कांदा पडला, रस्सा काळाभोर झाला. कोंबडा वयस्कर होता, शिजायला त्यानं उरलेली सगळी सकाळ घेतली.

दुपारी मंडळी आली. मुयोका आजोबा काठी टेकत मधल्या खुर्चीवर बसले. नांगिला चुलीच्या झोपडीतच थांबली. घरात जावई होता, तिला तिकडं जाता येईना. नेकोयेनं नाचणीच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, बुसुमा, थापला, पातेल्यात डाव घातला, एक काळा गच्च तुकडा शोधून वेगळ्या ताटलीत घेतला आणि मिरवत निघाली.

नांगिलानं उरलेला रस्सा ढवळला. डावाला बुडाशी काहीतरी लागलं. तिनं वर काढलं.

पेटा होता.

ती त्याच्याकडं बघत राहिली. एका कोंबड्याला एकच पेटा असतो. मग आत काय गेलं? आणि मग सकाळचा तो बारीकसा आवाज तिच्या कानात पुन्हा वाजला. टक्. ढोलाचं एक रबरी बोट मोडून कापलेल्या मानेतून आत सरकलं होतं, आणि ते नेकोयेच्या विळ्याखालून, गप्पांबरोबर, थेट पातेल्यात गेलं होतं.

झोपडीच्या भिंतीला एक झरोका होता. त्यातून घराच्या खिडकीतला मुयोकांचा जबडा तेवढा दिसत होता. तो हलत होता. डावीकडून उजवीकडं गेला, थांबला, परत डावीकडं आला. बाकी सगळे हात मांडीवर ठेवून बसले होते. बुसुम्याची वाफ विरत चालली होती.

"आक्का," नांगिलानं झरोक्यातून हाक मारली. "अहो आक्का."

आत माश्या वारत बसलेल्या नेकोयेनं नुसता हात हलवला. "सांगते नंतर. फार खूश आहेत."

नांगिला झोपडीभोवती फिरली. परत फिरली. कोंबड्या वाट सोडून बाजूला झाल्या. जबडा हलतच होता. खाओया खाकरला. कुणीतरी पावसाचा विषय काढला आणि सोडून दिला. शब्द त्या म्हाताऱ्याच्या तोंडात होता, त्याच्यावर रबर बसलं होतं.

घरातून सितुमा बाहेर आला. झोपडीच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. समोर कुत्रा झोपला होता.

"कुत्र्या," तो कुजबुजला, "माझ्या ढोलाला सकाळपासून एक बोट कमी आहे. आणि आजोबा जे चावतायत त्याला एका टोकाला चर आहे, ढोलाच्या बोटांना असतो तसा. मी जवळून पाहिलं."

"पातेल्या," भिंतीच्या आतून नांगिला म्हणाली, "खरा पेटा माझ्या हातात आहे. काय करू त्याचं?"

"कुत्र्या, आजोबांना सांगावं तर ते काठी उचलतील. ढोल आला, सगळं आलं. न सांगावं तर ते रबर आहे. घशात अडकलं तर?"

नांगिलानं झरोक्यातून पाहिलं. जबडा थांबला होता. म्हाताऱ्याचे डोळे मोठे झाले होते आणि गळ्याची घाटी वर येऊन तिथंच राहिली होती. खिडकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नालियाका दिसत होती, मान खाली घालून, विंचरलेले केस पुन्हा पुन्हा चाचपत. नांगिलानं डोळे मिटले. आयुष्यभर हाताचं नाव राखलं, आता ते एका म्हाताऱ्याच्या घशात अडकलं होतं, आणि पोरीचं नशीबही त्याच्याच खाली.

"पातेल्या," ती म्हणाली, "त्या पोराला म्हणावं तोंड फिरव. मी बाहेर येतेय."

सितुमानं भिंतीत तोंड घातलं. नांगिला पेटा मुठीत धरून, चादर ओढून अंगण ओलांडत घराकडं निघाली. उंबऱ्यावर पोचली, म्हणाली, "आजोबा, मला काही सांगायचंय."

आणि त्याच वेळी मुयोकांनी गिळलं. तो आवाज अंगणातल्या कुत्र्यानंही ऐकला; तो उठून बसला.

मुयोकांनी डोळे पुसले. मग काठी दोन्ही हातांत धरून ते हळूहळू म्हणाले, "काही सांगू नका, बाई. मला कळलं."

नांगिलानं दाराची चौकट धरली.

"मी आयुष्यात पुष्कळ पेटे खाल्ले. लोण्यासारखे, चिखलासारखे. हल्लीच्या कोंबड्यांना अंगात जीवच नसतो. हा मात्र लढला. मी एकीकडून चावला, हा दुसरीकडं फुगला. मी दाबला, यानं मला परत दाबलं. हा घरचा कोंबडा, हातानं काढलेला. ढोलात फिरलेल्या कोंबड्यात ही धमक कुठून येणार?" त्यांनी दाराकडं मान वळवली. "कुठं गेला तो यंत्रवाला? त्याला सांगा, सासूपासून काहीतरी शीक. शब्द दिला. वाढा आता."

सगळे एकदम हलले. ताटं सरकली, नेकोये तोंड भरून बोलायला लागली, नालियाकानं केसांतला हात काढला. नांगिलानं पेट्याची मूठ चादरीखाली घट्ट मिटली आणि आली तशी झोपडीत परत गेली. सितुमा अजून भिंतीत तोंड घालूनच उभा होता.

"कुत्र्या," थोड्या वेळानं तो म्हणाला, "आतला जो खरा पेटा उरलाय, तो आता कुणी खायचा?"

नांगिला विचार करत होती. ज्यानं पिसं काढली त्यानं खावा. पण कुणी काढली होती ती? थोडी ढोलानं, थोडी पोरानं, आणि बाकीची पत्र्याआडच्या एका जिभेनं. तिनं पेटा दातानं तोडला, अर्धा झरोक्यातून बाहेर धरला, तोंड चुलीकडं ठेवून. तो तिच्या बोटांतून कुणीतरी हलकेच उचलून घेतला. उरलेला अर्धा तिनं आपल्या तोंडात टाकला. पुरुषांनी इतकी वर्षं बायकांपासून लपवून ठेवलेली चीज काय आहे ते तिनं नीट चावून पाहिलं.

"पातेल्या," ती म्हणाली, "एवढ्यासाठी?"

भिंतीबाहेर कुणीतरी हसताना घास लागून खोकलं.

मुयोका आजोबा त्यानंतर खूप वर्षं जगले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचं पोट कधी बिघडलं नाही. चढावर मात्र ते इतर म्हाताऱ्यांसारखे धापत नसत. प्रत्येक पावलागणिक जरासे उसळत, आणि तरुण पोरांच्या आधी माथ्यावर पोचत. कुणी विचारलं तर काठी आपटून म्हणत, नांगिलाच्या हातचा पेटा खाल्लाय मी.

नांगिलाचा अंगठा बरा झाला. पाद्र्याची गोष्ट तिनं पुन्हा सांगितली नाही. पण बाजाराच्या दिवशी एखादी शेजारीण कोंबडी बगलेत मारून ढोलाकडं निघालेली दिसली की तिच्यानं राहवायचं नाही.

"जा, जा," ती म्हणायची. "यंत्र चांगलं आहे. फक्त आणताना बोटं मोजून घे."